शांतमेर्लची पाटी

२ फेब्रुवारी, शुक्रवार

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं लिहायला सांगितलंय. काय खाल्लं, किती हिंडलो, छातीत कसं वाटलं. तर छातीत बरं वाटलं. त्यांचं काम झालं. आता वही उघडलीच आहे तर थोडं माझंही लिहितो. ती पानं त्यांना दाखवायची नाहीत.

जन्मभर मी लोकांना मोटार चालवायला शिकवली. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, त्याच्या जिवावर मी फार शांत माणूस होतो. नोव्हेंबरात सायकलवर, चढ चढताना, छाती सांडशीत धरल्यासारखी झाली आणि पायाखाली ब्रेक नव्हता. स्टेंट टाकला. तेव्हापासून माझी बायको गिस्लेन माझ्याकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशी बघते.

आज शांदलर, धिरड्यांचा सण. तिने धिरडी केली. मला एकच, आणि तीही लोण्याशिवाय. सण काय असा असतो? रविवारपासून क्लबबरोबर सायकल चालवायला परवानगी आहे, पण बोलता येईल इतक्याच वेगाने. मी म्हटलं, क्लबातला मार्सियाल चढावरसुद्धा गप्प बसत नाही, मग त्याच्याइतका वेग चालेल. ती हसली नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

मी जिंकलो. मार्सियालला मागे टाकून पाटी मी घेतली. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

रविवारच्या फेरीत आम्ही सगळे कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवरून, गाईंना नावं ठेवत, रमतगमत येतो. पण कब्रस्तानाची भिंत संपली की गाव दिसतं, आणि तिथून गावाच्या नावाच्या पाटीपर्यंत कुणी कुणाचा मित्र नाही. जो पाटी आधी ओलांडेल तो कॅफेत बाकीच्यांनी काय प्यायचं ते ठरवतो. मार्सियाल वर्षानुवर्षं जिंकतो, स्वतः वाइन पितो आणि मला पुदिन्याचं सरबत पाजतो, लहान पोरांना देतात ते हिरवंगार, नळीसकट. त्याची लाकूड कापायची गिरणी होती. हात ओंडक्यांसारखे, आवाज करवतीसारखा. शाळेपासूनचा दोस्त, पण आजवर पत्त्यांचा एक डाव त्याने मला दिला नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल माझा शब्द आहे: हा माणूस खोटं गोड बोलणार नाही.

पाटी सध्या उलटी आहे. शेतकऱ्यांच्या पोरांनी सरकारवरच्या रागाने साऱ्या गावांच्या पाट्या उलट्या लावल्या आणि सरळ करायला कुणी गेलेलं नाही. तर डोकं खाली, पाय वर अशा शांतमेर्लमध्ये मी आज पहिला शिरलो.

झालं असं की भिंत संपली आणि डॉक्टरीणबाईंचा वेग मी विसरलो. मार्सियाल नेहमीसारखा माझ्या मागच्या चाकाच्या आडोशाला बसला होता. आता हा ‘सरका आजोबा’ म्हणत बाजूने जाणार, या धास्तीने मी तुटून पडलो. तो आलाच नाही. कॅफेत मी त्याच्यासाठी सरबत मागवलं, नळीसकट. तो ते मुकाट्याने प्यायला आणि म्हणाला, पोटाला बरं वाटतं.

घरी पोचलो तेव्हा तोंड बीटासारखं लाल झालं होतं. गिस्लेनने नाडी बघितली आणि मला खुर्चीत बसवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा मीच. आणि आज सोलांजही मागे. सोलांज म्हणजे आमच्या गावची औषधवाली. साठीची बाई चढावर शेळीसारखी चढते. ती आज माझ्या मागून धापा टाकत येत होती आणि मध्येच धापा टाकायचं विसरून सोलांजसारखी बोलत होती.

मला वाटतं हे स्टेंटचं काम. जुन्या मोटारीची एक नळी बदलली की ती कशी पळते ते मी पाहिलंय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी मी आणि मार्सियाल दोघंच जातो, पण आज तो नव्हता. क्लेरमाँला, शहरात, लेकीकडे गेलाय म्हणे. मागच्या महिन्यातही गेला होता. ज्या माणसाला लेकीच्या घरी दोन जेवणांच्या वर करमत नाही, तो आता असा सारखा कसा जातो?

कुठेतरी पाणी मुरतंय. एक तर तो बारीक झालाय. अंगातली क्लबची जर्सी वाळत घातल्यासारखी लोंबते, गालफडं बसलीत. आम्हा सायकलवाल्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पोट उतरवलं की डोंगर हलका होतो. आणि लेकीचं घर कुठे? विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरांच्या पायथ्याशी. तिकडे जाऊन गपचूप चढ मारतोय आणि इथे येऊन माझ्याकडून सपाट रस्त्यावर हरतोय. मेमध्ये ज्वालामुखीच्या चढाची मोठी फेरी असते, तिथे सगळ्यांसमोर मला लोळवायचा बेत असणार.

पण मग गेल्या रविवारी तलावाजवळच्या टेकाडावर, जिथे आम्ही बोलणंही थांबवत नाही, तिथे तो बुटाचा बंद बांधायला उतरला. त्याच्या बुटांना बंद नाहीत, पट्टे आहेत.

काही कळत नाही. छातीत बरं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या गोळ्या आणायला सोलांजच्या दुकानात गेलो तर मार्सियाल बाहेर पडत होता. हातात ही मोठी पिशवी. मी विचारलं, दुकान विकत घेतलंस की काय? म्हणाला, कुत्र्याची औषधं आहेत. बिस्कोत आजारी आहे.

फार वाईट वाटलं. बायको गेल्यापासून त्याला बिस्कोतचाच आधार. संध्याकाळी हाडाचा तुकडा घेऊन मुद्दाम बघायला गेलो, तर बिस्कोतने दारातच अंगावर उडी घेऊन मला पाडलं, हाड पळवलं आणि अंगणाला तीन चकरा मारल्या. औषध लागू पडतंय म्हणायचं. मार्सियाल मात्र शेकोटीपाशी घोंगडी घेऊन बसला होता, डोक्यावर सायकलची टोपी. घरात टोपी? म्हणाला, सवय करतोय.

कसली सवय करतोय?

१० मार्च, रविवार

सकाळी पाटी जिंकली. दुपारी जेवताना मी जाहीर केलं की मेमधल्या ज्वालामुखीच्या फेरीत नाव दिलंय. गिस्लेनने काटा खाली ठेवला.

“तू जिंकत नाहीस, नोर्बेर,” ती म्हणाली. “ते तुला जिंकू देतात. मी सांगितलंय त्यांना.”

मला आधी हसू आलं. मग तिच्याकडे बघितलं. पहिल्या रविवारी मी बीटासारखा होऊन आलो, तेव्हा तिची रात्र डोळ्यांत गेली. सोमवारी उठून ती आधी सोलांजकडे गेली, मग मार्सियालकडे. जिंकू द्या त्याला, म्हणाली, पण पळवू नका. जिंकतोय म्हटलं की जीव तोडून पळणार नाही. सोलांजने लगेच मान हलवली. मार्सियाल ऐकणार नाही असं तिला वाटलं होतं.

“पण तो हसला. बरं झालं सांगितलंस, म्हणाला. डोक्यावरचा भारा उतरल्यासारखा.”

मी जेवलो नाही. सगळं गाव मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतं आणि मी वर बसून चहूकडे बघत होतो. पण सोलांजचं नाही, बाकीच्यांचंही नाही, मार्सियालचं लागलं. साऱ्या जन्मात एक माणूस होता जो मला मुद्दाम जिंकू देणार नाही. त्यालाही माझी कीव आली. म्हणजे मी संपलो, असंच ना?

नाव मागे घेतलं. गिस्लेन रडली. मला तिच्यावर रागावताही येईना.

१२ मार्च, मंगळवार

मार्सियालकडे गेलो आणि उभ्या उभ्या विचारलं. त्याने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, “हो, सोडतो. तुझी बायको दारात येऊन रडते, मग काय करू? तुझा मुडदा पाडून पाटी घेऊ?”

मी म्हटलं, तुला लाज वाटली नाही का? म्हणाला, सरबत पिताना वाटली. मग हसला आणि हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मी पाणी आणून दिलं. रागाने भांडायला गेलो होतो आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत बसलो. ही कुठली रीत भांडायची?

१३ मार्च, बुधवार

झोप आली नाही. एक गोष्ट जुळत नाही.

गिस्लेन सोमवारी गेली सांगायला. पण पहिल्यांदा मी जिंकलो तो त्याच्या आदला रविवार. तेव्हा मार्सियालला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मग तो का नाही आला बाजूने?

दुपारी त्याला गाठून विचारलं. म्हणाला, त्या दिवशी समोरून वारा होता. मी म्हटलं, गाढवा, वारा माझ्या तोंडावर होता, तू माझ्या आडोशाला होतास. तो म्हणाला, “मग तू जिंकलास. घे. खूश?”

खूश व्हायला हवं. एक पाटी तरी माझ्या हक्काची निघाली. पण ज्या पद्धतीने तो म्हणाला, त्यात खुशीसारखं काही नव्हतं. मी सोलांजच्या दुकानात गेलो. ती म्हणाली, हो, मी मुद्दाम मागे राहत होते, माफ कर. मी विचारलं, आणि मार्सियाल? तर ती फडताळातले डबे एका रेषेत लावू लागली.

“मार्सियालचं मार्सियालला विचार,” म्हणाली.

विचारलंच तर होतं. हे लोक मला वेडा करणार.

३१ मार्च, ईस्टर

मार्सियालला जेवायला बोलावलं, त्याची लेक आली नाही म्हणून. गिस्लेनने बटाट्याचा पाते केला, पिठाच्या पारीत भरून भाजलेला, वरून साय ओतून. दर वर्षी तो अर्धा एकटा संपवतो आणि मग माझ्या ताटाकडे बघतो. आज एक घास घेतला, पुढचे घास नुसते इकडून तिकडे केले. गिस्लेनने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ताट उचलून नेलं. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नळ सोडून उभी होती.

मी म्हटलं, मार्सियाल, मी फेरीतून नाव काढलं, आता कुणासाठी उपाशी मरतोस? खा की. तो म्हणाला, डोंगर अजून जागेवर आहे.

तो गेल्यावर गिस्लेन म्हणाली, त्याच्याशी जरा नीट वाग. मी म्हटलं, फसवलं त्याने आणि नीट मी वागू? ती उरलेला पाते झाकून ठेवायला उठली.

१४ एप्रिल, रविवार

मार्सियाल आज आला नाही. दोन रविवार झाले. पाटी मी घेतली नाही, सोलांजला घेऊ दिली. तिने सगळ्यांना कॉफी सांगितली.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. मनात ठरवून गेलो होतो. म्हटलं, मला तुझी माफी नको, काही नको, एक खरी शर्यत दे. भिंतीपासून पाटीपर्यंत, आपण दोघंच. डॉक्टरीणबाईंनी परवा तपासलंय, छाती बरी आहे, जोर लावायला हरकत नाही म्हणाल्या. हरलो तर हरलो, पण मला तू परत हवा आहेस. तो, जो मला हरवायचा.

बिस्कोत त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. मार्सियाल त्याचे कान चोळत राहिला. मला वाटलं उडवून लावणार.

“रविवारी,” तो शेवटी म्हणाला. “जीव खाऊन. सोडणार नाही तुला. पण एक अट आहे. मागे वळून बघायचं नाही.”

मी म्हटलं, मी कशाला बघू, तू पुढे असशील. त्यावर तो मनापासून हसला. किती दिवसांनी हसला. घरी येताना मीही शीळ घालत आलो. इतकं सरळ होतं तर मी महिनाभर डोकं का फोडत बसलो कोण जाणे.

२१ एप्रिल, रविवार

हे उद्यावर टाकलं तर लिहिणार नाही.

सोलांज आणि बाकीचे पुढे गेले. आम्ही मुद्दाम मागे राहिलो. ऊन होतं, कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरली होती. तलावाजवळच्या टेकाडावर तो उतरून चालला. मी मनात म्हटलं, शेवटच्या जोरासाठी राखून ठेवतोय, जुना डाव आहे त्याचा. कब्रस्तानाच्या भिंतीपाशी आम्ही पाय टेकून थांबलो. दोघं शेजारी. त्याने टोपी नीट केली आणि म्हणाला, “चला आजोबा.”

मी निघालो. दात ओठ खाऊन. छातीत काही नाही, पायांत जोर होता, आणि कान मागे लावलेले. त्याचं चाक ऐकायची मला सवय आहे, डावीकडून येतं. येईना. पाटी मोठी दिसू लागली, उलटी अक्षरं वाचता येऊ लागली, तरी येईना. आणि मला असा राग आला. शब्द देऊनही हा पुन्हा सोडतोय. दोस्ताला दिलेला शब्दसुद्धा पाळवत नाही याच्याने. मला वाटलं आत्ताच थांबावं आणि सणसणीत शिवी हासडावी. म्हणून मी वळून बघितलं.

तो खूप मागे होता. सीटवरून उठला होता, हँडलवर पालथा पडल्यासारखा वाकला होता, आणि सायकल त्याच्याखाली डावी-उजवीकडे झोके खात होती. सोडणारा माणूस असा दिसत नाही. सोडणारा ऐटीत बसून येतो. याचं तोंड उघडं होतं, मान खाली, गुडघे वरखाली होत होते आणि सायकल चालण्याच्या वेगाने पुढे येत होती. तो पूर्ण जोर लावत होता. त्याच्यात होता तेवढा सगळा.

मग मला एकेक करून दिसायला लागलं आणि मी ते थांबवू शकलो नाही. पिशवी. टोपी. क्लेरमाँ. पाते. जर्सी. तो आजाराने बारीक होत होता आणि मी त्याचा हेवा करत होतो.

पॅडल मारायचं मी विसरलो असेन, कारण सायकल मंद झाली होती. थांबावं, परत फिरावं, त्याला धरावं असं वाटलं. पण त्याने मला शब्द दिला होता आणि तो पाळत होता. मी थांबलो असतो तर मी बघितलं हे त्याला कळलं असतं. माझी कीव केली तेव्हा मला काय वाटलं होतं ते मला ठाऊक आहे. मी तोंड पुढे केलं आणि उरलेला रस्ता असा पळवला, असा पळवला की जणू तो माझ्या खांद्याशी आहे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने येतं तसं.

पाटी ओलांडून पुढे दोन्ही हात वर केले. ओरडलोसुद्धा. मग उतरून, पाठमोरा उभा राहून, साखळीत काही अडकलंय असं बघत बसलो, तो येईपर्यंत. फार वेळ लागला. शेवटी त्याचं चाक आलं, डावीकडून. तो खाली उतरला नाही, पाटीच्या खांबाला धरून सायकलवरच राहिला. श्वास असा येत होता की मला ऐकवेना.

“वळून बघितलंस?” त्याने विचारलं.

“नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी साखळीकडे.

“मग सांगतो,” तो म्हणाला. मध्ये दोनदा थांबला. “आज पण सोडलं तुला.”

“मला वाटलंच,” मी म्हटलं. “शब्द देऊन फिरवतोस. तू कधी सुधारणार नाहीस, मार्सियाल.”

तो हसला. हाताने जा जा अशी खूण केली, म्हणजे तू हो पुढे, मी येतो. मी म्हटलं, माझे पाय भरून आलेत, मला चालावं लागेल, जरा माझ्याबरोबर चाल. मग आम्ही सायकली हातात धरून कॅफेपर्यंत चालत गेलो.